एनॅमलचे दागिने पहिल्यांदा करताय? मुंबईत सामान शोधण्यापासून पहिल्या पेंडंटपर्यंत सगळं

मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला मेटल (धातुकाम) घेतलं आणि प्रोजेक्टसाठी एनॅमल करायचं ठरवलं तेव्हा मराठीत सांगणारं कुणीच सापडलं नाही, व्हिडिओ भरपूर होते पण त्यातलं सामान आपल्याकडे कुठे मिळतं, पावसाळ्यात काय करायचं, कॉलेजची भट्टी दोन तास मिळाली तर आधी काय उरकायचं हे त्यात नसतं. वर्षभर जे जे बिघडलं ते मी वहीत लिहून ठेवलं होतं, त्या वहीवरूनच हे लिहितेय. तुमचे निदान पहिले दोन महिने वाचावेत एवढीच इच्छा आहे.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की करून घ्या. एनॅमल म्हणजे काच. दरवाजाला लावायचा एनॅमल पेंट नाही, रेझिन नाही. काचेची पावडर धातूवर पसरून साधारण 750 ते 850 डिग्रीला वितळवायची, की ती धातूला कायमची धरते. आपण ज्याला मीना म्हणतो तो हाच. जयपूरचा सोन्यात खोदून भरलेला मीना, बनारसचा गुलाबी मीना, जुन्या चाळीतल्या खोल्यांच्या नंबरच्या निळ्या पाट्या, आजीकडचं निळ्या काठाचं पांढरं ताट, सगळे एकाच कुळातले.

1. आधी विषय, आणि तो घरातला

बरेच जण आधी टेक्निक शिकतात आणि मग त्यात काय करू म्हणून विषय शोधतात. मला वाटतं उलट करावं, कारण एनॅमलचा प्रत्येक पीस इतका वेळ खातो की विषय मनापासून आपला नसेल तर चौथ्या फायरिंगला, म्हणजे भट्टीत भाजण्याला, कंटाळा येतोच.

माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. चौदा मेंबर, सगळे गिरणीतले, कुणी कोकणातला कुणी घाटावरचा. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या काही महिन्यांत एकेक जण गावी निघून गेला, ताटं तेवढी राहिली. त्यातली नऊ ताटं अजून आजीकडे आहेत. मी पहिल्यांदा काय केलं, तर गिरणीच्या चिमणीची पेंडंट काढली, भोंगा काढला, दात्याची चाकं काढली. सरांनी स्केचेस बघितली आणि एवढंच विचारलं की यात तू कुठे आहेस. मला उत्तर देता आलं नाही.

मग एके दिवशी आजीकडे त्याच ताटात पोहे खाताना काठावरच्या टवक्याकडे लक्ष गेलं. चिंचोक्याएवढा टवका. मधोमध काळा लोखंडी पत्रा, भोवती तपकिरी गंजाचं कडं, आणि पांढऱ्या काचेची कड पायऱ्यापायऱ्यांनी तुटलेली, त्या पांढऱ्याच्या खाली एक बारीक काळपट निळी रेघ. ती निळी रेघ म्हणजे काच लोखंडाला धरावी म्हणून आधी दिलेला कोबाल्टचा थर, हे मला नंतर कळलं. आजीला विचारलं तर ती म्हणाली, अगं आम्ही ताटं टवक्यांवरूनच तर ओळखायचो, काठाला तीन टवके ते रत्नागिरीच्या काकांचं, मधोमध एक मोठा ते नाइट पाळीवाल्याचं. तिथे माझा विषय ठरला. नऊ ताटांचे नऊ टवके, प्रत्येकाचं एक पेंडंट.

हे एवढं सांगायचं कारण असं की विषय निवडताना स्वतःला विचारा, ही गोष्ट एनॅमलमध्येच का करायची? कागदावर किंवा चांदीत केली तरी तेवढीच चालली असती तर अजून थोडं शोधा. बाबांचा जुना पास, आईच्या हातावरचा भाजल्याचा डाग, खिडकीच्या रंगीत काचा, काहीही चालेल, पण काच, आच, थर, तडा यातलं काहीतरी त्या गोष्टीत आधीपासून असू दे. मोठा विषय घेऊ नका. "मुंबई" हा विषय नाही, तुमच्या जिन्याचा कठडा हा विषय आहे.

2. भट्टीची सोय आणि कागदपत्रं

स्वतःची भट्टी पहिल्या वर्षी घेऊ नका. आधी कॉलेजला विचारा, मेटल किंवा सिरॅमिक डिपार्टमेंटला बहुतेक छोटी इलेक्ट्रिक भट्टी असते. सर ज. जी. कला महाविद्यालयात तर 1891 पासून हस्तकलांच्या कार्यशाळा आहेत, तिथे कुणी ओळखीचं असेल तर नुसतं बघायला तरी जाऊन या. दुसऱ्या कॉलेजची किंवा स्टुडिओची भट्टी वापरायची असेल तर साधारण हे जवळ ठेवा:

- कॉलेजचं आयकार्ड आणि त्याची झेरॉक्स
- विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, त्यात तारखा, वेळ आणि "तांब्यावर काचेचं एनॅमल, 850 डिग्रीच्या आत" असं स्पष्ट लिहिलेलं
- वापरणार त्या रंगांची यादी, लेड (शिसं) आहे की नाही ते लिहून
- स्वतःची जाळी आणि ट्रायपॉड, कारण सिरॅमिकवाले त्यांच्या शेल्फवर काच सांडलेली अजिबात चालवून घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे

घरी छोटी भट्टी आणलीच तर दीड-दोन किलोवॉटची असते, तिला 15 अँपिअरचा वेगळा पॉइंट लागतो. एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. जुन्या बिल्डिंगचं वायरिंग आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

3. सामान काय आणि कुठे

तांब्याचा पत्रा पायधुनीला तांबा काट्याच्या बाजूला मिळतो, वजनावर. 0.8 ते 1 मिलिमीटर जाडी सांगा, त्याहून पातळ घेतला तर भट्टीत वाकतो. "शुद्ध तांबं" असं दोनदा सांगा आणि पितळ घेऊ नका, पितळेत जस्त असतं त्यामुळे काच नीट धरत नाही, आज चिकटलेली दिसते आणि आठवड्याने पापुद्रा सुटतो.

कानस, फ्रेटसॉची (बारीक करवतीची) पाती, पॉलिश पेपर, स्टीलची बारीक जाळी हे सगळं नागदेवी स्ट्रीटला. 80 मेशची (इंचाला 80 भोकांची) जाळी घ्या आणि पीव्हीसी पाइपचा दोन इंचाचा तुकडा तव्यावर किंचित गरम करून त्यावर दाबा, झाली चाळणी. खिडकी उघडी ठेवून करा, वास वाईट असतो. चहाची गाळणी चालत नाही, पावडर ढिगाने पडते.

बाकीची यादी:

- लिंबूसत्त्व, किराणा दुकानातलं
- डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीवाल्याकडे मिळतं
- बारीक ब्रश दोन, झिरो आणि दोन नंबर
- स्टीलचा तीन टोकांचा ट्रायपॉड आणि जाळी
- लांब दांड्याचा फोर्क, चामड्याचे हातमोजे
- एन 95 मास्क आणि गॉगल
- कॉटनचे कपडे, ओढणी नको, केस बांधलेले
- वही

आता सगळ्यात मोठा सापळा, रंग. झवेरी बाजारात "मीना है क्या" विचारलं तर दहापैकी बऱ्याच ठिकाणी तुम्हाला बाटलीतला कोल्ड मीना देतील, तो रेझिनचा प्रकार आहे, हवेत नाहीतर साध्या ओव्हनमध्ये सुकतो. दिसायला छान असतो पण भट्टीत टाकला तर जळून धूर होतो. माझ्या मैत्रिणीचे पैसे असेच गेले. सरळ विचारा, "भट्टी का मीना चाहिए, आठ सौ डिग्रीवाला". तो पावडरमध्ये किंवा काचेच्या खड्यांत येतो. खडे आले तर खलात पाणी घालून कुटायचे, कोरडे नाही, धूळ नाकात जाते. लेड आहे का हेही विचारा आणि नक्की उत्तर मिळालं नाही तर आहे असंच समजा. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

सुरुवातीला चारच रंग पुरे, क्लिअर (बिनरंगी काच), पांढरा, कोबाल्ट निळा, काळा. प्रत्येकी 50 ग्रॅम वर्षभर जातो. लाल लगेच घेऊ नका. लाल सगळ्यात नाजूक, आच थोडी जास्त झाली की काळपट पडतो, म्हणून जुने मीनाकारही जास्त आच सोसणारे रंग आधी आणि लाल शेवटी भाजतात.

आणि नावाचा एक घोळ. एनॅमलवाले क्लिअर काचेला "फ्लक्स" म्हणतात आणि डाक लावताना, म्हणजे धातूला धातू जोडायला सोल्डर करताना, जो टाकणखार लावतो त्यालाही सगळे फ्लक्सच म्हणतात. दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. डब्यांवर मराठीत लेबल लावा.

4. पत्रा तयार करणं

कापा, कडा कानसा, मग लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात टाका म्हणजे तांबं मऊ होतं. त्याला किंचित घुमट द्या, अगदी वाटीच्या बुडाएवढा. सपाट पीस भट्टीत वेडावाकडा होतो, घुमट असला की आकार धरून ठेवतो.

मग पिकलमध्ये टाका, म्हणजे अर्धा लिटर कोमट पाण्यात तीन-चार मोठे चमचे लिंबूसत्त्व. काळी पापडी निघून तांबं गुलाबी दिसायला लागलं की बाहेर काढा. लोखंडी सांडशी त्यात बुडवायची नाही, प्लास्टिकचा किंवा तांब्याचा चिमटा वापरा. मग खाण्याचा सोडा लावून धुवा, ब्रशने घासा आणि नळाखाली धरा. पाण्याचा थर अखंड पसरला तर पत्रा साफ आहे. थेंब थेंब होऊन पाणी पळालं तर तेलकटपणा आहे, परत घासा. त्यानंतर वरच्या बाजूला बोट लावायचं नाही, कडेनेच धरायचं. एका बोटाच्या ठशाने माझा अख्खा पांढरा थर त्या जागी सुटून आला होता.

5. मागची बाजू आधी

हे कुणी विसरू नका. तांबं थंड होताना काचेपेक्षा जास्त आकसतं, त्यामुळे एकाच बाजूला काच असेल तर ताण येऊन पीस वाकतो नाहीतर काच तडकते. मागेही तेवढाच काचेचा थर दिला की दोन्हीकडचा ताण सारखा होतो. याला काउंटर एनॅमल म्हणतात. मी पहिला पीस फक्त समोरून केला, भट्टीतून सुंदर निघाला, रात्री बॅगेतून टिक टिक असा आवाज आला आणि सकाळी त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा होत्या. आणि हो, लग्नाच्या सीझनला कुणाकडे कुंदनचा सेट आला तर उलटा करून बघा, मागे काय मीना केलेला असतो. मागची बाजूही मनापासून करायची असते हे मी तिथून शिकले. माझ्या प्रत्येक पेंडंटच्या मागे त्या त्या मेंबरच्या गावाकडच्या मातीचा रंग आहे, आजीने तोंडी सांगितलेला.

6. पावडर धुणं आणि लावणं

पारदर्शक रंग धुवावेच लागतात. वाटीत पावडर, वर पाणी, ढवळा, दहा सेकंद थांबा, दुधाळ पाणी ओता. चार-पाच वेळा, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, शेवटचं डिस्टिल्ड. ते दुधाळ पाणी बेसिनमध्ये नाही, एका बादलीत साठवा, गाळ खाली बसला की वरचं पाणी काढून गाळ वेगळा बांधून ठेवा. धुतलं नाही तर रंग ढगाळ येतो.

चाळणीने लावताना आधी पत्र्यावर पातळ डिंकाचं पाणी फवारा, मग साधारण एक वीत उंचीवरून हलक्या टिचकीने चाळा, कडेपासून सुरू करून मधे. कडेला नेहमी कमी पडतं. खाली कागद ठेवा, पडलेली पावडर परत वापरता येते. मास्क लावूनच. काचेची धूळ आहे ती, फुफ्फुसातून परत निघत नाही.

मग पूर्ण वाळवणं, आणि इथे मुंबईचं हवामान आडवं येतं. जून ते सप्टेंबर नुसतं पंख्याखाली ठेवून काही होत नाही, वरून कोरडं दिसतं आणि आत ओल असते, भट्टीत गेल्यावर त्याची वाफ होते आणि काच फटकन उडते. पावसाळ्यात पीस तापलेल्या भट्टीच्या डोक्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. दार उघडून पीस क्षणभर तोंडाशी धरा, वाफ दिसली तर मागे घ्या.

7. फायरिंग

भट्टी 800 च्या आसपास स्थिर होऊ द्या, मग पीस आत. छोट्या पेंडंटला दोन ते तीन मिनिटं. घड्याळापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा, पण गॉगल लावून. आधी पावडर काळपट होते, मग साखर सांडल्यासारखी दिसते, मग संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत चमक येते, आणि शेवटी सगळं एकदम गुळगुळीत, लालभडक, ओलं दिसतं. मधल्या थरांना संत्र्याच्या सालीवर थांबलात तरी चालतं, शेवटचा थर मात्र गुळगुळीत होऊ द्या.

बाहेर काढल्यावर रंग ओळखू येत नाहीत, सगळं लाल-काळं असतं, हळूहळू खरा रंग चढतो. घाईने पाण्यात टाकू नका, काच फुटेल. थंड होताना उघड्या तांब्याची काळी पापडी उडते, तिच्या कडा धारदार असतात म्हणून दोन पावलं लांब राहा. प्रत्येक फायरिंगनंतर कडा कानसून साफ करायच्या, नाहीतर पुढच्या वेळी ती पापडी पांढऱ्यात पडून काळे ठिपके येतात.

टेस्ट टाइल केल्याशिवाय मेन पीसला हात लावू नका. बोटाच्या पेराएवढे तांब्याचे तुकडे, प्रत्येकावर तीन भाग, एकात थेट तांब्यावर रंग, एकात क्लिअरवर, एकात पांढऱ्यावर. मागे मार्करने नंबर लिहू नका, जळून जातो, नंबर खिळ्याने कोरा. वहीत नंबर, रंग, तापमान, वेळ, त्या दिवशी पाऊस होता का, सगळं. तोच निळा थेट तांब्यावर जवळजवळ काळा दिसतो आणि क्लिअरवर घेतला की उजळतो, हे वाचून कळत नाही, टाइल हातात घेतल्यावर कळतं.

8. चांदीची तार लावायची असेल तर

तारेने घरं करून त्यात रंग भरायचे, याला क्लॉइझने म्हणतात. तार शुद्ध चांदीची घ्या, 999. यात एक सापळा आहे आणि तो मला कुणी आधी सांगितला नाही. चांदी 961 डिग्रीला वितळते आणि तांबं 1085 ला, म्हणून 800 ला काही होणार नाही असं वाटतं. पण चांदी आणि तांबं एकमेकांना थेट टेकले तर त्यांचं मिश्रण 779 डिग्रीलाच वितळायला लागतं. माझी दोन दिवस वाकवलेली तार दोन मिनिटांत तांब्यात बुडाली, तिथे एक चांदीचा ओरखडा राहिला फक्त. म्हणून आधी क्लिअरचा थर पूर्ण भाजून घ्या, त्यावर तार डिंकाने चिकटवा, परत भाजा म्हणजे ती काचेत रुतून बसते, आणि तार काचेतून खाली तांब्यापर्यंत जाऊ नये म्हणून आच आटोक्यात ठेवा. मग ब्रशने ओला रंग थोडा थोडा भरायचा, तीन ते पाच फायरिंग लागतात.

9. टवका कसा केला

खरा टवका पाडून बघितला होता, हातोडीने. काच कुठेही फुटते आणि कडेला अंगात घुसेल अशी धार राहते, गळ्यात घालायच्या वस्तूला ते चालणार नाही. मग उलट केलं. ताटावर ट्रेसिंग पेपर ठेवून टवक्याचा आकार घेतला, त्याचं कागदी स्टेन्सिल कापलं, ओलं करून तांब्यावर ठेवलं आणि आजूबाजूला आधी निळा चाळला. कागद अलगद उचलून भाजलं. मग किंचित मोठं स्टेन्सिल ठेवून पांढरा, म्हणजे पांढऱ्याच्या आतल्या कडेला निळी रेघ उरते, अगदी ताटासारखी. मधलं तांबं उघडंच राहतं, भट्टीत ते काळं पडतं आणि खाली लाल ऑक्साइड असतो, थोडं घासलं की गंजासारखा तांबूसपणा दिसतो. जिथे पांढरा थर पातळ पडून निळ्यावरून तांब्यावर ओघळला तिथे तांबं काचेत विरघळून हिरवट कड आली. ती मी ठरवली नव्हती, पण पुढच्या आठही पीसमध्ये मुद्दाम आणली.

शेवटी उघड्या तांब्यावर मेणाचा हात फिरवा, नाहीतर घामाने मानेवर हिरवा डाग पडतो.

तिसरा पीस आजीच्या हातात दिला तेव्हा तिने चष्मा न लावता अंगठा फिरवला आणि म्हणाली, हे नाइट पाळीवाल्याचं, पण त्याचा टवका जरा डावीकडे होता. मी स्टेन्सिल उलटं ठेवलं होतं. तो पीस मी परत केला.

10. कडी, हुक, पिन

हे आधी ठरवा, शेवटी नाही. काच बसल्यावर मागे साधी डाक लावता येत नाही, आणि आधी लावलेली मऊ डाक 800 ला सुटून कडी भट्टीत पडते. डाक लावायचीच असेल तर सगळ्यात जास्त तापमानाची चांदीची डाक, एनॅमलच्या आधी, आणि कमीत कमी. शिशाची डाक भट्टीजवळसुद्धा नको. मला सगळ्यात सोपं वाटलं ते म्हणजे कापतानाच वर एक छोटी जीभ सोडायची आणि तिला भोक पाडायचं, किंवा चांदीची वेगळी चौकट करून पीस त्यात बसवून कडा दाबायच्या. दाबताना काचेवर जोर येऊ देऊ नका, बोथट लाकडी टोकाने, चारही बाजूंनी थोडं थोडं.

सबमिशनला नेताना प्रत्येक पीस वेगळ्या डबीत, कापसात. आगपेटीची रिकामी खोकी उत्तम. दोन पीस एका पिशवीत घालून सकाळची फास्ट लोकल पकडू नका.